अर्धा आटा, धाकले मास्तर

इनास मास्तर रविवारी कुणाशी हात मिळवत नसत. मला हे ठाऊक नव्हतं. मी घाटावरचा, ट्रंक आणि वळकटी घेऊन उत्तनच्या शाळेत नोकरीला आलेला, आणि खोली भाड्यानं मिळेल असं कळलं म्हणून शेजारच्या पाली गावात त्यांच्या दारात उभा. ख्रिस्ती माणसाला नमस्कार करू नये, हात मिळवावा, असं कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून मी मोठ्या ऐटीत हात पुढे केला. मास्तरांनी आपले दोन्ही हात झटकन पाठीमागे नेले. "माफ करा हां. आज रविवार, आरशाचा दिवस. तुमच्या हाताला मीठ हाय."

मला राग आला. मीठ म्हणजे काय? मी काय बोंबील खारवून आलो होतो? पण आतून त्यांची बायको रोजाबाय हसत बाहेर आली आणि मला म्हणाली, "ऱ्हाऊं द्या मास्तर, माझाबी हात धरत न्हाय रविवारचा." त्यांच्या घरामागची खोली मला मिळाली आणि पुढली सहा वर्षं मी तिथे राहिलो. त्या सहा वर्षांविषयी आज जे लिहितोय ते मास्तरांची आरती ओवाळायला नाही. इनास मास्तर फार प्रेमळ होते, असं मी म्हणणार नाही. हट्टी होते, चेंगट होते, आणि एका काचेपायी त्यांनी शेजारपाजार तोडला होता. तरी मला जे भोगायचं आहे ते त्यांच्यामुळे नाही, माझ्यामुळे आहे.

ती काच सहा इंची होती. किनाऱ्याला लागलेल्या कुठल्याशा मोडक्या आगबोटीच्या खिडकीची, बोटभर जाड. मास्तरांनी तरुणपणी मुंबईत चष्म्याच्या कारखान्यात काम केलं होतं. ती विद्या घेऊन गावात परतले आणि शाळेत गणित शिकवायला लागले. मासळी खारवायचं एक पिंप उपडं घालून, त्याच्याभोवती फेऱ्या मारत, काचेवर काच घासून त्यांनी वर्षभरात त्या खिडकीचा खोलगट आरसा केला. होड्या बांधणाऱ्या सुताराकडून फळ्यांची लांब चौकोनी नळी करून घेतली. तळाशी मोठा आरसा, तोंडाशी तिरका लावलेला छोटा आरसा, आणि बाजूच्या भोकात डोळा लावायचं भिंग. गावात तिला 'मास्तरची तोफ' म्हणत.

ही तोफ ते एकाच ताऱ्यावर रोखत. मृगातल्या काक्षी या तांबड्या ताऱ्याच्या बरोबर वर एक तारा आहे. वर्षभरात तो उजळतो, मग विझत विझत इतका मंद होतो की तिथे काही आहे हेच पटू नये. तो किती उजळला, किती विझला, एवढंच ते वहीत लिहून ठेवीत. दक्षिणेकडच्या एका वेधशाळेतल्या गोऱ्या साहेबाचं त्यांना पत्र आलं होतं. दहा वर्षं खंड न पाडता नोंदी पाठवा, आम्ही तुमच्या नावानं छापू. ते पत्र येशूच्या तसबिरीमागे खोचलेलं असे. "दहा वर्सां," मास्तर बोटं पसरून म्हणत, "खंड न्हाय." पावसाळा खंडात धरायचा नव्हता. सूर्य मृगात गेला की तारा त्याच्याबरोबर जाई, वर ढगही येत. "माझ्या ताऱ्याला पन शालेवानी सुट्टी हाय." मी आलो तेव्हा दोन वर्षं झाली होती, आठ उरली होती.

आता तारा मंद झाला की आरसा लख्ख हवा, नाहीतर तो दिसायचाच नाही. आणि आरसा लख्ख ठेवायचा कुठे, तर पालीत! काचेवर चांदीचा पातळ थर असे. खाऱ्या वाऱ्यानं आणि वाळत्या मासळीच्या वासानं तो चार-सहा महिन्यांत पिवळा पडे, मग काळा. आमच्याकडे चांदीचं भांडं काळं पडलं की राखेनं घासतात. मास्तरांच्या आरशाला साधं फडकं लावायची चोरी. धूळ बसली तर पावसाचं पाणी वरून सोडायचं, कापसाचा ओला बोळा आपल्याच वजनानं ओढत न्यायचा, दाबायचं नाही. आणि थर गेलाच तर तेजाबानं धुऊन काढायचा आणि घरच्या घरी पुन्हा चांदी चढवायची. वर्षातून दोनदा, एकदा पाऊस संपता संपता आणि एकदा होळीनंतर.

पहिल्याच वर्षी मी घोटाळा केला. मास्तरांनी औषधं तयार केली होती, मुंबईहून आणलेली, जपून मोजलेली. मला म्हणाले, तेवढं काचेचं ताट धुवून द्या. मी मेहनत म्हणून विहिरीवर जाऊन ते तीनतीनदा धुतलं आणि आणून दिलं. चांदीचं पाणी ताटात ओतलं मात्र, सगळं पांढरं! दूध नासावं तसं. रोजाबायनं कपाळाला हात लावला. मास्तर ओरडले नाहीत, त्यांनी बोट त्या ताटाच्या काठावरून फिरवून जिभेला लावलं आणि म्हणाले, "हिरीचा पानी. धाकले मास्तर, हितं सगल्यात मीठ हाय. वाऱ्यात हाय, हिरीत हाय, तुमच्या घामात हाय, डोल्यात हाय. चांदीला मीठ दिसला की ती रुसते." त्या दिवसापासून चांदी चढवताना मी कपाळाला फडकं बांधून, दोन हात लांब उभा राहायला शिकलो.

म्हणून त्यांच्या ओट्यावर तीन रांजण होते. पावसाळ्यात कौलांवरचं पहिलं पाणी जाऊ देऊन, मग दुहेरी धोतरातून गाळून भरलेले, झाकणं कणकेनं लिंपलेले. त्याला कुणी हात लावायचा नाही, खुद्द रोजाबायनंही नाही. होळीनंतर गावची विहीर मचूळ व्हायची, वैशाखात तर खारीच. बायका डोक्यावर हंडे घेऊन मैलभर लांबून गोडं पाणी आणीत आणि मास्तरांच्या ओट्यावरून जाताना त्या रांजणांकडे बघत. "काचंला गोडा पानी, मानसाला खारा," असं मोठ्यानं म्हणत. मास्तर मान वर करत नसत.

शेजारच्या बस्त्यावचं प्रकरण अशाच एका उन्हाळ्यात झालं. बस्त्याव मासेमारी करणारा, मास्तरांच्याच वयाचा, लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणायचं आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालायचं, ही त्यांची रीत. त्या वर्षी विहिरीत गुडघाभर गढूळ पाणी, वर हिरवा तवंग. बस्त्याव आला आणि म्हणाला, "इनास, पोरीला त्या घानीत न्हाऊ घालू काय? वाजंत्री घेऊन तुझ्या रांजनाशी येतो. येक घागर दे. तुझाबी मान होईल."

मास्तर म्हणाले, "येक घागर गेली तर चांदी व्हायची न्हाय."

"माझ्या पोरीचा लगीन न्हाय झाला तर चालंल?"

"पोर हिरीच्या पान्यानं न्हाली तरी लगीन होईल. आरसा न्हाय होनार."

बस्त्याव निघून गेला. त्यानंतर कैक वर्षं तो मास्तरांशी एक अक्षर बोलला नाही. मी तिथेच होतो. मी मास्तरांना म्हणालो की हे बरं केलं नाहीत. म्हणाले, "म्हायत हाय." एवढंच. तारा त्या महिन्यात अगदी तळाला होता, नोंद चुकली असती तर आधीची सगळी वर्षं फुकट. पण एका घागरीनं खरंच चांदी अडली असती का? मी नंतर हिशेब करून पाहिला, दीड घागर पाणी उरलं होतं. ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आले की आरसे जुळवायचं काम. हे दिवसाउजेडी व्हायचं आणि याला दोन माणसं लागत. नळी होडीच्या फळ्यांची, त्या उन्हानं आक्रसत, दमट हवेनं फुगत. आठवडाभरात मोठा आरसा केसभर तरी हललेला असे. मास्तर डोळ्याचं भिंग काढून तिथे माशाच्या तेलाच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण बसवीत. झाकणाला मधोमध खिळ्यानं पाडलेलं भोक. त्यातून ते आत बघत आणि मी नळीच्या बुडाशी उकिडवा बसून तीन स्क्रूंवर हात ठेवून. "खालचा. अर्धा आटा, धाकले मास्तर. जास्त झाला. पाव मागं. डावा. हां... थांबा." दोन्ही आरसे नीट समोरासमोर आले की बघणाऱ्याला आपलाच डोळा मधोमध दिसतो, हीच खूण. मग ते मला पुढे बोलवीत. "बगा. तुमचा डोला मधोमध हाय? तुमाला दिसला तर खरा. येकट्याला दिसलेला खरा न्हाय."

सहा वर्षं मी ते स्क्रू फिरवले. शेवटी शेवटी त्यांना बोलावंही लागत नसे. त्यांनी नुसता श्वास घेतला की डावा का उजवा ते मला कळे. आणि ते डोळा लावून आकडे सांगत, मी कंदिलावर लाल कागद बांधून वहीत उतरवीत असे. अर्धी वही माझ्या हस्ताक्षरात आहे. हे लक्षात ठेवा.

बेचाळीस साल आलं. युद्ध दारात आलेलं, किनाऱ्यावर पहारे, दिवे झाकलेले. माझा धाकटा भाऊ कॉलेज सोडून चळवळीत गेला होता आणि पोलीस त्याला शोधत होते. एकदा येऊन माझ्याकडे एक पुडकं ठेवून गेला. पत्रकं होती. मी ती ट्रंकेत धोतरांखाली दडवली आणि रोज रात्री ट्रंकेला कुलूप आहे ना ते तपासत राहिलो. एवढीच माझी देशसेवा.

एका सकाळी फौजदार चार शिपाई घेऊन मास्तरांच्या अंगणात आला. समुद्राकडे तोंड करून ठेवलेली तोफ गस्तीवाल्यांना दिसली होती. मास्तर समजावून सांगू लागले की यात सगळं उलटं दिसतं, जहाज बघायला ही काही कामाची नाही. फौजदार म्हणाला, बघू. रविवारचं झाकण भोकावर तसंच होतं. त्यानं डोळा लावला आणि एकदम मागे सरकला. "आत कोण आहे?" भोकातून त्याला स्वतःचाच डोळा दिसला होता, मोठा, वटारलेला. एक शिपाई फिस्सकन हसला. तिथेच सगळं बिनसलं. आपल्या शिपायासमोर हसं झालेला माणूस मग कुणाचं ऐकतो?

त्यानं घर उलथंपालथं केलं आणि वही काढली. पानंच्या पानं आकडे. तारीख, वेळ, आकडा. "हे कसले आकडे? कुठली जहाजं मोजता?" मग माझ्याकडे वळला. मी खोलीच्या दारात उभा होतो. माझ्या मागे ट्रंक होती. "तुम्ही शिकलेले दिसता. इथे राहता. काय आहे हे?"

मला दोन वाक्यं बोलायची होती. हा तारे बघतो. यातले निम्मे आकडे मी लिहिले आहेत. पण ते बोललो असतो तर पुढला प्रश्न माझं नाव, मग भावाचं नाव, मग ट्रंक. मी म्हणालो, "मी भाडेकरू आहे. मला यातलं काही ठाऊक नाही."

"हे अक्षर दोन माणसांचं दिसतंय," फौजदार वही चाळत म्हणाला.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. "माझाच हाय," ते म्हणाले. "येक उजव्या हाताचा, येक डाव्या हाताचा."

आणि तेवढ्यात कुंपणापलीकडून, जिथे तो बोंबील वाळत घालत होता, बस्त्याव ओरडला, "साहेब, तारं बघतो तो! इतकी वर्सां तारंच बघतो. मी या मानसाशी बोलत न्हाय, तरी सांगतो. येडा हाय, पन चोर न्हाय." फौजदारानं त्याला गप्प बस म्हटलं. तरी तो दोनदा तेच बोलला. ज्याच्या पोरीला घागरभर पाणी मिळालं नाही तो माणूस बोलला आणि ज्याला सहा वर्षं डोळा मधोमध दाखवला तो भाडेकरू झाला! भले शाब्बास माझी!

मास्तरांना दोन दिवस कोठडीत ठेवून सोडलं. वहीही परत मिळाली. तोफ मात्र लढाई संपेपर्यंत सरकारजमा. आठ वर्षांच्या नोंदी झाल्या होत्या, दोन उरल्या होत्या. ते परत आले त्या दिवशी मी खूप धीर करून म्हणालो, "मास्तर, त्या दिवशी मी..." ते म्हणाले, "तुमच्या घरी कोन कोन हाय, ते माला म्हायत हाय. जेवलात काय?" त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी तिथेच राहिलो असतो. महिन्याभरात मी शाळेच्या जवळ खोली बघितली आणि चालता झालो. पत्रकं तर मी झडतीच्या रात्रीच चुलीत घातली होती.

शाळेत आम्ही रोज भेटत होतो. हजेरी, परीक्षा, पगाराचा दिवस, सगळं नीट. मास्तर माझ्याशी फार चांगले वागत, परक्याशी वागतात तितके चांगले. एकदा त्यांच्या टेबलावर ती वही उघडी पडलेली दिसली आणि मी चोरून पान उलटलं. त्यांनी नोंदी थांबवल्या नव्हत्या. रोजची तारीख, रोजची वेळ, आणि पुढे दोनच शब्द, आरसा नाही. खाली आरसा नाही. त्याच्याखाली आरसा नाही. पुढची पानंच्या पानं तशीच, कोरीव सुबक अक्षरात. खंड पडू द्यायचा नव्हता ना! साहेबाचं पत्र तसबिरीमागून केव्हाच काढलं होतं, असं रोजाबायकडून कळलं.

लढाई संपली आणि तोफ आली. एक म्हातारा शिपाई बैलगाडीतून घेऊन आला. आल्या आल्या मोठ्या कौतुकानं म्हणाला, "मास्तर, तुमचा आरसा पार काळा पडला होता बघा. सरकारी माल म्हणून आम्ही टाकून नाही दिला. दर शनिवारी पट्ट्याचं पितळ घासायचो तेव्हा त्याच भुकटीनं हाही घासायचो. तीन वर्षं! बघा कसा लख्ख आहे." चांदी गेली होती हे सोडाच, ती पुन्हा चढवता आली असती. काच गेली होती. वर्षभर पिंपाभोवती फिरून आणलेला तो गोल उतार शनिवारच्या शनिवारी घासला गेला होता, वर बारीक चरे. मास्तरांनी आरसा उजेडात तिरका धरून पाहिला. मग त्या शिपायाला शहाळं फोडून दिलं आणि त्याचे आभार मानले. त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्यानं निदान हात तरी लावला होता.

हे सगळं मला रोजाबायनं बाजारात सांगितलं आणि म्हणाली, "रविवारी आरसा बसवनार हाय. डोल्यात मोतीबिंदू उतरलाय, तरी ऐकत न्हाय." मी शनिवारची रात्र कशी काढली ते मलाच ठाऊक. सकाळी आंघोळ केली, नखं कापली, आणि वाटेत कुठे गेटाला, कुंपणाला हात न लावता पालीत गेलो. जुनी सवय. आत एक वेडी आशा होती, तीही सांगून टाकतो. मला वाटत होतं, मी नळीच्या बुडाशी जाऊन बसेन, ते म्हणतील खालचा, अर्धा आटा, आणि बाकीचं बोलायची गरज पडणार नाही.

अंगणात तोफ मांडलेली होती. नवी चांदी चढवलेली, झाकण बसवलेलं. मास्तर खूप वाळले होते. मला बघून पुढे आले. "या, या, मास्तर." धाकले नाही, नुसते मास्तर. आणि त्यांनी हात पुढे केला.

रविवार होता. आरशाचा दिवस होता. मी तो हात हातात घेतला, दुसरं काय करणार? त्यांनी व्यवस्थित, पाहुण्याशी मिळवतात तसा हात मिळवला आणि मला खुर्ची दिली. "आता हिच्यातून तो तारा काय दिसायचा न्हाय," ते म्हणाले. "चांद दिसंल. न्हायतर खरंच जहाजां बघीन." हसले. मग कुंपणाकडे वळून हाक मारली, "बस्त्याव, ये रे. स्क्रू धर."

बस्त्याव आला, हाताला मासळीचे खवले. मास्तरांनी ओट्यावर जाऊन एका रांजणाचं लिंपण फोडलं, तांब्या भरून आणला आणि आधी स्वतःचे हात धुतले. मग बस्त्यावचे. ते गोडं पाणी त्यांनी त्याच्या मनगटांवर ओतलं, एक तांब्या, मग दुसरा, मग तिसरा. पाणी अंगणात वाहून गेलं आणि बस्त्याव म्हणाला, "पुरे रे इनास." मास्तर ओततच राहिले.

बस्त्यावला काही येत नव्हतं. डावा म्हटलं की उजवा फिरवायचा, अर्धा म्हटलं की पुरा. मास्तर भोकाला डोळा लावून पुन्हा पुन्हा सांगत होते, "न्हाय रे, दुसरा. आता जास्त झाला. मागं." तासभर चाललं होतं. मी खुर्चीत बसून होतो, आणि मास्तरांनी श्वास घेतला की कुठला स्क्रू किती फिरवायचा, ते माझ्या हातांना दर वेळी आधी कळत होतं.